ससा सोडा, आधी आजोबांची टू-टू उघडून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. केजजवळ शेती आहे. आजोबांच्या नावावर .२२ रायफल, बोलीतली ‘टू-टू’, होती. ते गेल्यावर परवाना तुमच्या नावावर व्हायची कागदपत्रं चालू आहेत आणि रायफल सध्या जमा आहे. गावातल्या एका जाणत्यानं ‘नळी गेली हिची’ असं सांगितलं, म्हणून ती काढून टाकून ससे, तितर, लावरी यांच्यासाठी छोट्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या छोट्या व्यासाची), पंचवीस-तीस वर्षं टिकेल अशी दुसरी घ्यायची आहे. कुणी एअरगन सांगतं, कुणी ३१५ बोअरची. तर कोणती घ्यावी?

शस्त्रदुरुस्तीचा परवाना घेऊन मी तीस वर्षं संभाजीनगरात याच कामात घालवली. बीड, जालना, परभणी, धाराशिव, सगळीकडची हत्यारं हातून गेली. तुमच्या प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत: कशासाठी, कुठलं, आणि जुनीचं काय. पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण ते टाळून पुढं जाता येत नाही.

ससा, तितर, लावरी यांची शिकार आज आपल्याकडं पूर्ण बंद आहे. स्वतःच्या शेतात असली तरी बंद, परवान्याची रायफल असली तरी बंद. शस्त्राचा परवाना हा शस्त्र बाळगायचा परवाना असतो, शिकारीचा नसतो. ही गल्लत मी रोज ऐकतो. तुमचे आजोबा मारत होते ते खोटं नाही, आणि त्यांच्या काळात ते बहुधा गैरही नव्हतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात लहान शिकारीचा परवाना काढायची सोय होती, ससा-तितर त्यातच मोडायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सोय काढून टाकली. आमच्या वडिलांच्या पिढीला हा बदल शेवटपर्यंत पचला नाही. ‘सशाला कसला कायदा’ हे वाक्य मी दुकानात किती वेळा ऐकलं असेल! कायदा आहे. आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फास लावणं, जाळ्यात धरणं, जखमी करणं, अंडी-घरटी मोडणं, इतकंच काय, मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. नेम चुकला म्हणून सुटका नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर रायफल जप्त, परवाना रद्द. तीस वर्षं टिकणारी रायफल हवी म्हणता, आणि एका सशापायी ती पोलिसांच्या मालखान्यात गंजत पडणार.

हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात म्हणून राग असेल तर तो मी समजू शकतो, माझीही शेती आहे. पण सशाला दोन-अडीच फुटांची बारीक जाळी, खालची कड वीतभर मातीत पुरलेली, एवढं पुरतं. तारेत करंट सोडण्याचा विचार चुकूनही करू नका, त्यात दरवर्षी माणसं मरतात. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर हा वेगळा विषय आहे. त्यासाठी वनविभागाकडं नुकसानभरपाईचा अर्ज करायचा असतो, आणि उपद्रव फार असेल तर परवानगीची वेगळी प्रक्रिया असते. तिथंही .२२ चा उपयोग शून्य. डुकराला तिची गोळी लागली तर ते मरत नाही, चवताळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते ज्वारीत कुणाच्या तरी बायकोच्या अंगावर जातं.

मग .२२ ठेवायची कशाला? नेमबाजीला. ही पळवाट नाही, ते हत्यार आहेच त्यासाठी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात .२२ रायफलचं नाव आलं तेच रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी म्हणून. पिकाच्या राखणीसाठी त्याच कलमात नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या रायफल स्पर्धेत, आणि ते काडतूस हेच, तुमच्या आजोबांच्या रायफलमधलं. त्या निशाणाचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, पन्नास मीटरवर. ससा मारण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे, हे मी दोन्ही पाहिलेल्या माणसांकडून ऐकलंय.

आता बोअर. एअरगनचं आधी उरकतो. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. बोअर किंवा ताकद त्यापुढं गेली की लागतो. घरातल्या पोरापोरींना नेम धरायला, श्वास रोखायला, चाप हळू दाबायला शिकवायचं तर तिच्यासारखं काही नाही. टिकण्याचं म्हणाल तर स्प्रिंगवाली एअरगन छर्रा न घालता रिकामी सोडली की आतला दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो, आणि पाहुण्यांची पोरं नेमकं तेच करतात. तितरावर ती झाडणंही वर सांगितलेल्या कायद्यातच येतं, फक्त आवाज कमी होतो एवढंच. ३१५ चा विषय सोडून द्या. ती मोठी रायफल, काडतूस महाग, सरावाला परवडत नाही आणि तुमच्या कामाची नाही.

राहिली .२२, जिच्या नेहमीच्या काडतुसाचं नाव ‘लाँग रायफल’. तिची नळी टिकते याला कारण आहे. गोळी साध्या मऊ शिशाची, चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटर. मोठ्या रायफलीत तांब्याच्या कवचाची गोळी आणि भडकणारी दारू मिळून नळीचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) खातात, तसं इथं फारसं होत नाही. नीट ठेवलेल्या टू-टूची नळी हजारोंनी गोळ्या झाडल्या तरी नेम सोडत नाही. तीस वर्षांत माझ्याकडं झाडून झाडून झिजलेली .२२ ची नळी क्वचितच आली. आल्या त्या सगळ्या घरात बसून खराब झालेल्या.

त्यामुळं ‘कुठल्या कंपनीची टिकाऊ’ या प्रश्नाला माझ्याकडं सरळ उत्तर नाही. बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीला मागचा दांडा हातानं ओढून भरायची घ्या, हे मात्र नक्की. आपोआप भरणाऱ्या टू-टूमध्ये शिशाचा आणि दारूचा चिकटा सगळ्या यंत्रात जातो. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ त्या तेलकट चिकट्यात बसली की तिची पॉलिश पेस्टच होते, आणि ती प्रत्येक हालचालीला लोखंड घासत राहते. बोल्ट कसा, मागं ओढला की हातात येतो. फडक्यानं पुसला की काम झालं. आपल्याकडच्या घरांत सापडतात त्या जुन्या चेक बनावटीच्या ब्रनो, इंग्रजी बीएसए, आणि आपल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या. यातली कुठलीही चांगल्या अवस्थेतली असेल तर घ्या. माझा स्वतःचा कल ब्रनोकडं, पण तो तरुणपणीच्या प्रेमासारखा आहे, त्याला फार पुरावा मागू नका. नवी घ्यायला पैसे आणि परवान्यात जागा असेल तर नवी घ्या. फक्त २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका-रायफली ठेवता येतात हे लक्षात ठेवून.

कंपनीपेक्षा आधी दोन गोष्टी बघा. एक, तिचं मॅगझिन, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) मिळतात का. पाच गोळ्यांचं लोखंडी मॅगझिन हरवलं की छान रायफल एकेक गोळी भरायची होऊन बसते. आणि पिन तुटली की माणूस जातो लेथवाल्याकडं. बेकायदा तर ते आहेच, पण त्यातली खरी मेख अशी: टू-टूच्या काडतुसात ठिणगीचा मसाला मध्ये नसतो, बुडाच्या कडेत असतो. ती कड जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. पिन त्या कडेवर आपटते. लेथवाल्यानं अंदाजानं केलेली पिन केसभर लांब निघाली की ती काडतूस नसताना सरळ चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडावर आपटते. दहा-वीस वेळा रिकामा चाप ओढला की तिथं खळगा पडतो, त्याची कड चेंबरमध्ये वर येते, आणि मग काडतूस अडकायला लागतं किंवा फुटतच नाही. पोरांनी ‘टक् टक्’ करत खेळलेल्या रायफलींची ही ठरलेली तक्रार. पोरं खेळली असं मात्र कुणीच सांगत नाही, काडतूसच खराब होतं म्हणतात.

दुसरी गोष्ट, तुम्हाला जवळ कुठलं काडतूस नियमित मिळतं. परवान्यावर वर्षाला किती आणि एका वेळी किती हे लिहिलेलं असतं, त्यामुळं जे मिळेल त्यातून निवड होते. प्रत्येक टू-टूला एखादं काडतूस मानवतं, एखादं नाही. पन्नास मीटरवर एकाच्या गोळ्यांचा झुबका रुपयाच्या नाण्यात बसतो, तर दुसरं त्याच रायफलीतून पेल्याच्या तोंडाएवढं पसरतं. यात रायफलीचा दोष नाही. रेंजवर दोन-तीन प्रकार झाडून बघायचे, जे मानवेल ते धरून बसायचं.

वापरलेली रायफल घ्यायची झाली तर आम्ही काय बघतो ते सांगतो. आधी नंबर. नळीवरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर हातसुद्धा लावू नका, चहा न पिता निघा. मग चेंबर रिकामं आहे याची खात्री करून बोल्ट काढा आणि नळीतून मागच्या बाजूनं उजेडाकडं बघा. आटे गोल फिरत तोंडापर्यंत स्वच्छ जाताना दिसायला हवेत. मध्येच एखादं काळं कडं दिसलं तर बाहेरून नळीवर बोट फिरवा. गव्हाच्या काडीला पेर असतं तशी बारीक फुगी लागली तर समजा, कधीतरी आत गोळी अडकली असताना दुसरी झाडली गेलीय.

हे घडतं कसं ते एका गिऱ्हाइकानं मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. काडतुसं दोन पावसाळे धान्याच्या कोठीवर पडलेली. एक झाडलं तर ‘फुस्’ झालं, धक्का नाही, आवाज नाही. त्याला वाटलं गेली असेल गोळी. बोल्ट ओढला, दुसरं भरलं आणि दाबलं. नळी फुटली नाही हे नशीब. पण नळीच्या मध्यावर ते पेर कायमचं उमटलं. आवाज कमी आला की थांबायचं, बोल्ट काढायचा, नळीतून आरपार दिसल्याशिवाय दुसरं काडतूस हातात घ्यायचं नाही. हे कुणी शिकवत नाही.

नळीचं तोंड बघा. तिथली कड गोल आणि सारखी हवी. एका बाजूनं खरवडलेली असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं लोखंडी गज तोंडाकडून घालून साफ करत होतं. ती सुधारता येते, कारागीर तोंड पुन्हा कापून देतो. चेंबरच्या कडेवर कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर वर सांगितलेला खळगा आहे. दस्त्याचं लाकूड मनगटाच्या जागी पिळून बघा, चीर असेल तर करकरतं. शेवटी रिकामी रायफल बोल्ट चढवून, सुरक्षेचा खटका उघडा ठेवून, दस्ता जमिनीवरच्या रबरावर दोन-तीनदा आपटा. आपोआप सुटली तर ती घरात नको. आजोबांच्या वेळच्या काही रायफलीत .२२ शॉर्ट काडतुसं खूप वापरलेली असतात. ती आखूड असल्यानं चेंबरच्या पुढच्या भागात जळका थर जमतो आणि मग लाँग रायफलचं काडतूस तिथं अडकून बसतं. बघणाऱ्याला वाटतं चेंबर वाकडं आहे. तो थर निघतो.

आता घर. परळीकडचे एक गृहस्थ जून ते दिवाळी रायफल चामड्याच्या सुंदर पिशवीत घालून भिंतीला टांगत. पुसून, तेल लावून. तरी एका दिवाळीत काढली तर नळीवर पिशवीच्या शिवणीची रेघ उमटलेली, टाका न टाका मोजता येईल अशी, तांबड्या गंजानं. चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमवताना वापरलेली रसायनंही लोखंडाला खातात. मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गंजाला श्रावणातले पंधरा दिवस पुरतात. पिशवी फक्त न्यायला-आणायला. घरात कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, काडतुसं वेगळ्या कुलपात. तेल लावायचं ते शस्त्राचं, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं, आणि तेही बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच. खोबरेल, करडई लावणारे भेटतात, त्यांच्या बोल्टमध्ये दोन वर्षांत डिंक तयार होतो. झाडून आल्यावर नळी रोज घासत बसू नका. टू-टू जितकी झिजत नाही तितकी चुकीच्या गजानं साफ करून झिजते. गज मागून, बोल्टच्या बाजूनं घालायचा, वर आवरण असलेला, एकाच दिशेनं.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायला सांगतात, दोन-दोन महिने ते दुसऱ्यांच्या हत्यारांना टेकून उभं असतं. माझ्या दुकानातली गर्दी निकालानंतरच्या आठवड्यात असायची! जमा करायला जाताना नळीत आणि बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावा, तोंडाला फडक्याचा बोळा, आणि पावतीवर नंबरासोबत अवस्थाही लिहून घ्या. परत आणल्यावर झाडायच्या आधी ते तेल आणि तो बोळा काढायचा. बोळा विसरून झाडलेली नळी मी पाहिलीय.

सरावाबद्दल एकच गोष्ट, पण ती रायफलीपेक्षा महत्त्वाची. शेतात झाडू नका. ‘छोटी गोळी, कुठं जाते’ असं वाटतं. ती दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. पन्नास मीटरवर नेम बसवलेली रायफल शंभर मीटरवर वीतभर खाली मारते, यावरून लोक समजतात की ती तिथंच पडते. आपला माळ मुरमाचा, खाली काळा दगड. मऊ शिसं दगडावर चापट लागलं की तिरकं उसळतं, शिटी वाजवत. ती शिटी मी एकदा ऐकलीय, विहिरीच्या ढिगाऱ्यावर मारलेल्या गोळीची, आणि पलीकडच्या बांधावर बाया खुरपत होत्या. त्यानंतर मी रेंजबाहेर एकही गोळी झाडली नाही. जिल्हा रायफल संघटनेचं सभासदत्व घ्या. नेम सुधारेल, आणि परवान्यावर काडतुसं का लागतात याचं कारणही कागदावर राहील.

आता तुमच्या आजोबांची रायफल. वारसाच्या नावावर परवाना होण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, तेव्हा ते काम होईल, फक्त वेळ लागेल. बीडला ते जिल्हाधिकाऱ्यांकडं असतं. तोवर ती मोडीत काढण्याचं मनात आणू नका. ‘नळी गेली’ हे तुमच्या जाणत्यानं उजेडाकडं बघून सांगितलं असणार, आत काळं-राखाडी दिसलं असणार. माझ्याकडं अशा ‘गेलेल्या’ टू-टू यायच्या, त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या नसायच्या. शिशाचा थर आट्यांमध्ये बसून नळी आतून गुळगुळीत दिसते, जणू आटेच झिजले. एक नळी मी तीन दिवस तेलात भिजवून रोज पितळी ब्रशनं घासली होती. पहिल्या दिवशी फडक्यावर नुसतं काळं आलं. दुसऱ्या दिवशी चांदीसारखे चकचकीत पापुद्रे यायला लागले, लांब, आट्याच्या आकाराचे. तिसऱ्या दिवशी उजेडाकडं धरली तर सहाही आटे तोंडापर्यंत उभे. त्या मालकानं नव्या रायफलीसाठी बैल विकायची तयारी केली होती.

तुमचीही तशीच असेल असं मी न बघता सांगत नाही. खोल गंजाचे खड्डे असतील तर ते भरत नाहीत. मात्र थोड्या खड्ड्यांची नळीसुद्धा पन्नास मीटरवर बरी मारते, फक्त लवकर घाण होते. परवाना तुमच्या नावावर झाला, रायफल ताब्यात आली की जवळच्या परवानाधारक कारागिराकडं न्या आणि समोर बसून साफ करून घ्या. मूळ परवाना सोबत ठेवा, बोल्ट काढून वेगळा न्या. आणि आजोबांची चामड्याची पिशवी असेलच घरात, ती माळ्यावर राहू द्या. रायफल जुन्या सुती चादरीत गुंडाळून आणा.